सही करण्याआधी एकदा वाचा

(१९८२च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी केलेलं भाषण)



सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या मैत्रिणीनं मला सकाळीच बजावलं, "सगळ्यांना दहा मिनिटं, तुला पंधरा. वकिलाची पहिली पाच मिनिटं पुढची तारीख मागण्यातच जातात." तेव्हा पाच मिनिटं वाचवते आणि थेट मुद्द्यावर येते.

आपली तुकडी म्हणजे संपाची तुकडी. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मार्चमध्ये आपण बोर्डाच्या परीक्षेला बसलो. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसलेले होते. त्यांतले निम्मे तरी आपल्याच वर्गातल्या मुलांचे बाप, काका, मामा असावेत असं तेव्हा वाटायचं. लालबाग-परळमध्ये घड्याळापेक्षा भोंग्यावर भरवसा होता. सातचा भोंगा झाला की आई माझी वेणी घालायला घ्यायची. त्या जानेवारीपासून भोंगे बंद झाले आणि आपण शाळेत उशिरा यायला लागलो. बाईंनी एकदाही छडी उगारली नाही. उशीर का होतो ते त्यांना ठाऊक होतं.

मघाशी सगळ्यांनी माझ्या अक्षराची आठवण काढली. वर्गाबाहेरच्या फळ्यावर सुविचार लिहायचं काम तीन वर्षं माझ्याकडे होतं. मराठीचे सर समोर बसलेत म्हणून सांगते, ते अक्षर तुमचं देणं आहे, सर. याच अक्षराची एक गोष्ट मी आजवर फार कुणाला सांगितलेली नाही. ती आज इथे सांगणार आहे, कारण मी जे काम गेली तीस वर्षं करते आहे, ते तिच्यातूनच सुरू झालं.

आमचे बाबा गिरणीत साचेखात्यात होते. संप लांबला, आईनं डबे करून द्यायला सुरुवात केली. शेवटी १९८३मध्ये बाबा लोअर परळच्या एका गाळ्यात कामाला लागले. सात माणसं आणि दोन पॉवर प्रेस एवढाच तो कारखाना. पत्रा डायखाली सरकवायचा, पायडल दाबायचं, तुकडा काढायचा, पुन्हा पत्रा सरकवायचा. पगार नगावर. प्रेसला हात आत जाऊ नये म्हणून गार्ड असतं, पण गार्ड लावलं की नग कमी निघतात. म्हणून ते मालकानंच काढून कोपऱ्यात ठेवलेलं होतं. आयुष्यभर माग चालवलेल्या माणसाला प्रेसची सवय नव्हती. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बाबांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

केईएममधून त्यांना घरी आणल्यानंतर पंधरा दिवसांनी मालक आमच्या खोलीवर आला. सोबत सफरचंदं आणि गाळ्यात हिशेब बघणारा माणूस. आईनं चहा टाकला. मालक चांगलं बोलला. पाचशे रुपये देतो म्हणाला, हात बरा झाला की दुसरं काहीतरी हलकं काम देतो म्हणाला. फक्त एक कागद लागेल. हिशेबवाल्यानं खिशातून पेन काढलं, पण मालकाचं लक्ष भिंतीवर लावलेल्या माझ्या हस्ताक्षर स्पर्धेच्या प्रमाणपत्राकडे गेलं होतं. तो म्हणाला, "मुलीलाच लिहू द्या की. अक्षर सुंदर आहे."

तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. 'सदर अपघात माझ्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे झाला. त्यात मालकांचा काही दोष नाही. मला रुपये पाचशे मात्र पोचले असून यापुढे माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही.' ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. बाबांनी डाव्या हातानं सही केली. ती वेडीवाकडी आली. मालकानं कागद हातात धरून पाहिला आणि म्हणाला, "वा!" मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. कुणीतरी माझ्या अक्षराचं कौतुक केलं होतं.

हलकं काम अर्थातच मिळालं नाही. बाबा पुढे एका दुकानात रात्रीचे राखणदार म्हणून राहिले.

पाचेक वर्षांनी, दिवसा नोकरी करून मी लॉ कॉलेजला जात होते. एक दिवस वर्गात कामगार नुकसानभरपाई कायद्याचं कलम ३ शिकवायला घेतलं. प्राध्यापक म्हणाले, कामावर असताना आणि कामामुळे अपघात झाला तर मालक भरपाई द्यायला बांधील आहे. चूक कोणाची होती हा प्रश्नच येत नाही. कामगाराचं लक्ष नव्हतं, हात चुकला, यानं हक्क जात नाही. दारू पिऊन असणं, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं, गार्ड मुद्दाम काढून टाकणं अशा मोजक्या कारणांनीच मालकाला सुटता येतं. आणि कामगाराचा मृत्यू झाला, तर तीही कारणं चालत नाहीत. मग कलम १७ आलं. भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल.

म्हणजे मी लिहिलेला तो कागद कायद्याच्या दृष्टीनं रद्दी होता. त्यातला 'हलगर्जीपणा' खरा धरला तरी बाबांना पैसे मिळायलाच हवे होते. फक्त अर्ज करायला दोन वर्षांची मुदत होती आणि ती केव्हाच उलटून गेली होती. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण तोवर गाळा बंद झाला होता, मालकाचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता आणि सोबतचे सहाजण सहा दिशांना गेले होते. त्या कागदानं एकच काम केलं. आपला काही हक्क नाही असं आम्हाला पटवून दिलं. कोर्टात तो टिकला नसता, पण आम्ही कोर्टाची पायरीच चढलो नाही.

रात्री घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या पैशांत तुझी बारावीची फी भरली होती." पुढे काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

मित्रांनो, हा कायदा १९२३चा. यंदा त्याला शंभर वर्षं झाली. २०१०पासून त्याचं नाव बदलून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालं. पण त्यामागची मागणी त्याहून जुनी आहे आणि ती आपल्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर झालेली आहे. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती या मागण्या आपल्याला इतिहासाच्या पुस्तकामुळे माहीत आहेत. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: गिरणीत जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या उपजीविकेची सोय व्हावी. त्याच वर्षी जर्मनीत कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा झाला. इंग्लंडमध्ये भरपाईचा कायदा व्हायला १८९७ उजाडलं. आपल्याकडे सुपारीबागेतल्या त्या मागणीनंतर कायदा यायला ३९ वर्षं लागली.

पुढे १९४४मध्ये प्राध्यापक बी. पी. आदारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. तेव्हा मजूर खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जे परळच्या चाळीत अनेक वर्षं राहिलेले. त्या अहवालाच्या पायावर १९४८चा राज्य विमा कायदा उभा राहिला. परळचं आपलं ईएसआयचं महात्मा गांधी रुग्णालय त्याच योजनेतलं. आज साधारण दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात एकवीस हजारांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये येतो. त्याला कायमचं अपंगत्व आलं तर अपंगत्वाच्या प्रमाणात आयुष्यभर पैसे मिळत राहतात. जे ईएसआयच्या बाहेर राहतात, म्हणजे लहान गाळे, बांधकाम, हमाली, त्यांच्यासाठी १९२३चा कायदा.

आता थोडं गणित. गणिताच्या बाई हसतायत, कारण मला गणितात किती पडायचे ते त्यांना आठवतंय.

समजा, तीस वर्षांचा कामगार आहे आणि माझ्या बाबांसारखीच त्याची एका हाताची तीन बोटं गेली. कायद्याला जोडलेल्या यादीत तीन बोटांचं नुकसान ३० टक्के धरलेलं आहे. अंगठ्यालाही ३० टक्के, चार बोटांना ५०, दोन्ही हात गेले तर १००. आता महिन्याच्या पगाराचे ६० टक्के घ्यायचे आणि वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणायचे. तीस वर्षांसाठी तो आकडा २०७.९८ आहे. पगार पंधरा हजार धरला तर नऊ हजार गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२०. त्याचे ३० टक्के झाले ५,६१,५४६ रुपये. शिवाय उपचाराचा खर्च वेगळा. मालकानं महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंड. आजही असे पाच लाख बुडवणारे कागद माझ्याकडे येतात. त्यांवर पंधरा-वीस हजारांचे आकडे असतात आणि खाली अंगठा असतो.

यादीतले टक्के म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हेही सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५च्या एका निकालात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, हे अर्धवट अपंगत्व आहे. न्यायालय म्हणालं, सुतारकाम एका हातानं होत नाही, तेव्हा त्याच्यासाठी हे पूर्ण अपंगत्व आहे. बोट किती गेलं यापेक्षा त्या बोटानं तो माणूस काय करत होता, हे बघावं लागतं. आमच्या कामातला निम्मा वाद याच एका प्रश्नाचा असतो.

मग हा कायदा न्याय्य आहे का? पूर्ण नाही. तुमचा पगार अठ्ठावीस हजार असला तरी हिशेबात पंधरा हजारच धरतात. जानेवारी २०२०पर्यंत तर ही मर्यादा आठ हजारच होती. मुंबईत आठ हजारांत कोण राहतं? संसदेनं २०२०मध्ये सामाजिक सुरक्षेची नवी संहिता मंजूर केली. त्यात घरून कामावर जाता-येताना झालेल्या अपघाताचाही विचार आहे, पण २०२३पर्यंत तरी ती लागू झालेली नव्हती. आपल्या गल्लीत रात्री अकरा वाजता खाणं घेऊन येणारा मोटारसायकलवाला पडला तर काय, याचं उत्तर सोपं नाही. कारण कंपनी त्याला कामगार म्हणतच नाही, 'पार्टनर' म्हणते.

एक प्रकरण सांगते. २०१९मधलं. एका जुन्या गिरणीच्या जागेवर टॉवरचं काम चालू होतं. पंचवीस वर्षांचा झारखंडचा मुलगा परांचीवरून पडून गेला. कंत्राटदारानं गावी जाऊन त्याच्या बायकोला दीड लाख रोख दिले, अंगठा घेतला. तिचा दीर मुंबईत होता, तो कागद घेऊन माझ्याकडे आला. मृत्यूच्या भरपाईची रक्कम परस्पर वारसांच्या हातात देता येत नाही. ती नुकसानभरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते आणि तेच ती वाटून देतात. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल सोडली तर परस्पर दिलेले पैसे भरपाईत धरत नाहीत. हा नियम बायकांसाठी आणि अज्ञान मुलांसाठी किती मोलाचा आहे, ते दीर-नणंदांच्या घरात राहिलेल्या बाईलाच कळेल. शिवाय कंत्राटदार हात वर करत असेल तर त्याला काम देणाऱ्या मूळ धंदेवाल्याकडे मागता येतं. आम्ही बिल्डरलाही सामील केलं. तेव्हाच्या आठ हजारांच्या मर्यादेनं रक्कम ८,६७,६४० झाली, अधिक व्याज. आदेश झाला त्या दिवशी ती बाई कोर्टात पहिल्यांदा बोलली. विचारलं, "बँकेत माझ्याच नावावर येणार ना?"

आता शेवटचा भाग, आणि तो तुमच्यासाठी. चाळीस वर्षांपूर्वी आपण सगळे कामगारांची मुलं होतो. आज या सभागृहात मालकही आहेत. कुणाचा वसईला गाळा आहे, कुणाचं भिवंडीला गोदाम आहे, कुणी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, अर्धेजण आपापल्या सोसायटीचे चेअरमन-सेक्रेटरी आहेत. मी तुमच्यावर आरोप करायला उभी नाही. फक्त चार विनंत्या आहेत.

गाळेवाल्यांनो, माणूस ठेवताना त्याला भरपाईच्या हक्काची माहिती त्याला कळेल अशा भाषेत लेखी द्या. २०१७पासून हे कायद्यानं बंधनकारक आहे. दिली नाही तर पन्नास हजारांपासून एक लाखापर्यंत दंड आहे. आणि विमा उतरवा. अपघात झाला तर तुमचंही घर वाचेल.

सोसायटीवाल्यांनो, इमारतीच्या रंगाचं किंवा गळतीचं काम देताना सगळ्यात स्वस्त कोटेशन बघता, तसं कंत्राटदाराकडे कामगारांच्या भरपाईची पॉलिसी आहे का तेही बघा. सातव्या मजल्यावर दोरीला लटकणाऱ्या मुलाच्या कमरेला पट्टा आहे का, हे खिडकीतून दिसतं. पट्टा नसेल तर काम थांबवा.

डॉक्टर मित्रांनो, केसपेपरवर 'पडल्यामुळे जखम' एवढंच लिहू नका. कुठे पडला, काय करताना पडला, कोणत्या यंत्रात हात गेला, हे तो सांगतो तसं लिहा. वर्षभरानंतर मालक म्हणतो, हा आमच्याकडे कामालाच नव्हता. तेव्हा कामगाराच्या हातात तुमची ती एक ओळ असते.

आणि बाकी सगळ्यांनो, तुमच्या घरी कामाला येणारी बाई, खालचा वॉचमन, गावाकडचा भाचा, कुणाचाही अपघात झाला तर तीन गोष्टी सांगा. मालकाला लेखी कळवायचं आणि प्रत ठेवायची. दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. आणि कोणत्याही कागदावर लगेच सही किंवा अंगठा द्यायचा नाही.

मराठीचे सर आठवड्याला एक निबंध लिहून घ्यायचे आणि वही गोळा करण्याआधी दरवेळी एकच वाक्य म्हणायचे, "देण्याआधी एकदा वाचून बघा." आम्ही शुद्धलेखनासाठी वाचायचो. त्या दिवाळीत मी लिहिलेला कागदही मी एकदा वाचून बघितला होता, सर, आणि त्यात मला चूक सापडली नव्हती. कारण काय शोधायचं ते मला माहीत नव्हतं. ते आता थोडंफार कळतं. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी मी लालबागला आमच्या जुन्या चाळीच्या कार्यालयात बसते. लोक कागद घेऊन येतात, मी वाचून दाखवते, त्याचा अर्थ सांगते. त्याचे पैसे घेत नाही. तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर पाठवा. सही व्हायच्या आधी पाठवलंत तर फार बरं.

बाबा २००९मध्ये गेले. शेवटपर्यंत डाव्या हातानंच सही करायचे. पुढे ती चांगली वळणदार झाली होती.

बाई, सर, आज तुम्ही आलात, आमचा आवाज ऐकून नावं ओळखलीत, याचा आनंद मोठा आहे. पंधरा मिनिटांच्या वर गेले असेन तर माफ करा. जेवण तयार आहे आणि आज पोळ्या आपल्याच वर्गातल्या मैत्रिणीच्या पोळीभाजी केंद्रातून आल्या आहेत.